बाबलमामा, तुमच्या चुलीबद्दल

बाबलमामा,

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. दहाव्या दिवशी समुद्रावर, साऱ्या वाडीसमोर मी तुम्हाला एक शब्द दिला होता. परवा रविवारी मी तो मोडला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. तो पाळला असता तर मामीही गेली असती. लगेच नाही, पण तुमच्यासारखीच, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता. निदान मला तशी भीती वाटते, आणि या वेळी मी भीतीवर विश्वास ठेवायचं ठरवलं.

तुम्ही कसे होता ते लिहायला मी बसलेलो नाही. खाडीच्या तोंडाशी लाट फुटत असताना ज्यांनी तुमच्या हातात सुकाणू पाहिलंय ते सांगतील. मला फक्त तुमच्या चुलीबद्दल बोलायचंय. तेवढं एकच बोलणं आपल्यात अर्धवट राहिलं.

बंदराकडच्या वाटेवरचा जुना बंगला गेल्या पावसाळ्याआधी मोडायला काढला. तिथे पूर्वी कुणी गोरा साहेब राहायचा म्हणतात. मी शाळेत होतो तेव्हापासून तरी तिथे वटवाघळंच होती. त्याच्या स्वयंपाकघरात ती लोखंडी चूल पडून होती. चार वाकडे पाय, पुढे लाकडं घालायची झडप, वर भांडी ठेवायला दोन भोकं, बाजूला भाजण्याचा बंद कप्पा, आणि मागून वर जाणारं धुराडं. बंगला मोडणाऱ्याला ती अडचण झाली होती. घेऊन जा म्हणाला. तुम्ही, तात्या आणि आणखी दोघे, होडीच्या वाशांना बांधून ती खांद्यावरून घरी घेऊन आलात. तात्या म्हणजे आपले तांडेल, ज्यांच्या होडीवर तुम्ही वीस वर्षं सुकाणू धरलंत. चूल अंगणात टेकवल्यावर ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बाबल्या, ही चूल नाय, आगबोटीचां इंजिन हाडलंस."

वाडीतल्या बायकांना ते आवडलं नव्हतं. ज्या घरातली माणसं सरली त्या घरची आग आपल्या घरात आणू नये, असं त्या मामीला सांगून गेल्या. तुम्ही हसलात. तुम्हाला ती चूल मामीच्या डोळ्यांसाठी हवी होती. ओल्या लाकडांच्या धुरानं मामीचे डोळे बारा महिने गळत. मी आठवीपासून तुमच्या घरी राहून जामसंड्याच्या शाळेत जात होतो. मामी म्हटली की मला आधी तिचं पदरानं डोळे पुसणं आठवतं, मग चेहरा आठवतो. तुम्ही तिला धुराड्याचं तोंड दाखवलंत. "ह्यां बग. धूर हयसून थेट भायर. आता तुझे डोळे फक्त माका बगूक." मामी म्हणाली, "तुमका बगलंय तरी पाणीच येता."

हे मला मामीनंच सांगितलं. मी तेव्हा कसालला, शिकवतो त्या शाळेत होतो.

मी आलो तो श्रावणात. होड्या वर ओढलेल्या, समुद्राचं तोंड बंद. घराच्या पडवीला पावसासाठी चारी बाजूंनी माडाच्या पातींची विणलेली झापं बांधलेली, आणि आत तुम्ही त्या चुलीपुढे बसलेले. चुलीवर रंगाचे थर होते. खाऱ्या हवेत लोखंड टिकावं म्हणून बंगल्यातल्या कुणी कुणी वर्षानुवर्षं ते चढवलेले असणार. वरचा काळा, त्याखाली हिरवा, मग पिवळट पांढरा, आणि अगदी तळाला लाल. तुम्हाला लोखंडाचं काम माहीत नव्हतं. तुम्हाला होडी माहीत होती. म्हणून तुम्ही चुलीला होडीसारखंच वागवत होता. होडीचं बूड शेकतात तशी तुम्ही ती नारळाच्या सोडणांचा जाळ करून शेकलीत. रंगाला फोड आले की होडीचे शिंपले खरवडायच्या पट्टीनं ते खरवडत होता. नंतर मोरी माशाच्या तेलात शेंदूर कालवून तिला आतून बाहेरून हात देणार होता. पुन्हा शेकायचं, पुन्हा खरवडायचं. तुमचं असं तीन आठवडे चाललं होतं. झापांच्या आत धूर कोंडला होता. तुमच्या भुवयांवर, ओठांवर, चहाच्या कपाच्या काठावर करड्या हिरव्या रंगाची बारीक भुकटी बसली होती.

मी आत आलो तेव्हा तुम्ही कप पुढे करून म्हणालात, "सदू, गंमत बग. चार दिस झाले, तोंड गोड लागता. साखर घालूकच नको."

मामा, ते वाक्य ऐकून माझ्या हातातली पिशवी खाली गेली होती. तुम्हाला वाटलं, प्रवासानं दमलो.

कोल्हापूरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला रसायनशास्त्रात शिसं होतं. त्याच्या एका क्षाराची चव गोड असते आणि त्याला शिशाची साखर म्हणतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. शेंदूर म्हणजे शिसंच, जुन्या पांढऱ्या रंगातही शिसं, तापवलं की त्याची वाफ, खरवडलं की धूळ. पोटात कळा, हिरड्यांवर निळी रेघ, मनगट लुळं पडणं, हे सारं क्रमानं लिहून मी चांगले गुण मिळवले होते.

मी तुम्हाला सांगितलं. हे खरं आहे, मी सांगितलं. पण कसं सांगितलं? घरात मी कधी बोलत नाही अशा मराठीत, कचेरीतली नोटीस वाचावी तसं. "मामा, या रंगात शिशाचे क्षार आहेत. ते शरीरात साचत जातात."

तात्या दारात विडी ओढत बसले होते. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "साचतत? साचूंदेत. आमच्या घरात दुसरां काय साचता?"

तात्या खोकेपर्यंत हसले. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा तुम्ही मला समजावून सांगितलंत, जसं मला लहानपणी भरती-ओहोटी समजावलीत तसं. शेंदूर आपण देवाला लावतो. रवळनाथाच्या देवळाबाहेरचा तो दगड पिढ्यान् पिढ्या शेंदरानं न्हातो. मग देवाला आपण विष लावतो काय? होड्यांना शेंदूर लावून लावून तुमचे बापूस ऐंशी वर्षं जगले. आणि शिसं? जाळ्याला शिसं, गरीच्या म्हणजे गळाच्या दोरीला शिसं. दोरीवर शिशाचा मणी बसवायचा तर तो दातानंच चेपायचा, किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही तसंच करतं. तुम्ही ओठ वर करून तुमचे दात मला दाखवलेत.

"ह्या दातांनी शिसां चावलंय आणि तुका शिकयलंय. आता तू माका शिसां शिकव."

तुम्ही रागानं नाही म्हणालात. लाडानंच म्हणालात.  माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नाही. मला कोल्हापूरला पाठवायचं ठरलं तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तुम्ही एस.टी.पर्यंत चालत आलात आणि कंडक्टरला बजावलंत, ह्यो कॉलेजात चललो, तेका खिडकीकडे बसव. खिडकीची जागा होती का, ती कुणाची होती, काही बघितलं नाहीत. तो कंडक्टरसुद्धा बिचारा उठून बघू लागला. त्या माणसाला मी काय शिकवणार होतो? मीही हसलो. आपण तिघेही हसलो, आणि तुम्ही पुन्हा पट्टी उचललीत.

त्या आठवड्यात मामीच्या तीन कोंबड्या मेल्या. अंगणात पडलेले रंगाचे पापुद्रे त्या टिपत होत्या, ते मी पाहिलं होतं. एक माझ्यासमोर मान टाकून गोल गोल फिरली आणि तुळशीपाशी पडली. तुम्ही म्हणालात, मानमोडी. पावसाळ्यात कोंबड्यांना मानमोडी होतेच. मी म्हटलं, होय, होते.

चतुर्थीच्या आधी चूल तयार झाली. काय दिसत होती ती. तुम्ही मोरीच्या तेलातल्या शेंदराचे तीन हात दिले होते, भाजायच्या कप्प्यालासुद्धा आतून दोन. शेंदरी रंगाची, चकचकीत, देवासारखी. मामीनं तिच्यावर पहिली भाकरी केली तेव्हा घरात माशाच्या जळक्या तेलाचा वास भरला, पण धूर नव्हता. मामीचे डोळे कोरडे होते. बारा वर्षांत मी पहिल्यांदा तिला चुलीपुढे बसून वर बघताना, बोलताना पाहिलं. कप्प्यात तिनं सुके बांगडे भाजले. आपण सगळ्यांनी खाल्ले. मी दोन खाल्ले, मामा. माहीत असून खाल्ले, कारण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण ते मला कसं दिसत होतं ते माहीत नाही. दिवाळीत आलो तेव्हा तुमच्या पोटात कळा येत होत्या. मामी ओवा देत होती, कोकमाचं आगळ देत होती. तुम्ही कशावर तरी हसलात आणि मला तुमच्या हिरड्या दिसल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ, पेन्सिलीनं ओढावी तशी. मी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, आणि तरी मला ती तोंडपाठ होती. रात्रभर मी पडवीत जागा राहिलो. सकाळी मामीनं चहा आणून दिला आणि म्हणाली, माझ्या डोळ्यांक आता सुईत दोरो ओवता येता. मी कसालची गाडी पकडली.

मार्गशीर्षात तुमचं उजवं मनगट पडलं. जाळं विणायची सुई बोटांतून गळायला लागली, मग सुकाणू. वाडीत म्हणाले, हातावरून वारं गेलं. तात्यांनी सुकाणूवर दुसरा माणूस बसवला आणि तुम्हाला ते सांगायला स्वतः आले. बराच वेळ अंगणात उभे राहून हवापाण्याचं बोलले आणि न सांगताच गेले. तुम्हाला ते कळलं होतं. तुम्ही शेजारच्या मास्तरांकडून मला पत्रात लिहवलंत, "तात्या बरो माणूस, तेका खोटां बोलूक येणा नाय."

मी तुम्हाला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तुमचे दात बघितले आणि विचारलं, छापखान्यात काम करता का, रंगाच्या कारखान्यात? तुम्ही ताठ बसून त्यांना म्हणालात, नाय, मी दर्यावर्दी. बाहेरच्या व्हरांड्यात मी डॉक्टरांना चुलीची हकीकत सांगितली.  ते म्हणाले, त्यांना त्यापासून दूर ठेवा, हे वय बघता आणखी झेपणार नाही. ठेवतो म्हणालो. तिथल्या दोन आठवड्यांत तुमच्या कळा थांबल्या. परतीच्या गाडीत तुम्ही विचारलंत, दाक्तर काय म्हणालो? मी म्हटलं, विश्रांती घ्यायला सांगितलंय.

मामा, मी हे कितीदा आठवलंय. गाडी घाट उतरत होती. तुमचा लुळा हात तुम्ही दुसऱ्या हातानं मांडीवर उचलून ठेवला होता, झोपलेलं मूल उचलून ठेवावं तसा. त्या हातानं तुम्ही आता काही करू शकत नव्हता. आयुष्यात शेवटचं जे काम केलंत, ज्यानं मामीचे डोळे बरे झाले, त्या कामानंच तुमचा हात गेला, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी ठरवलं, तुम्हाला थोडं बरं होऊ द्यावं, मग सांगू.

तुम्ही बरे झालात आणि शिमग्याच्या आधी, डाव्या हातानं ब्रश धरून, चुलीला पुन्हा शेंदूर दिलात. खाऱ्या हवेनं एका पायाला गंज दिसला होता म्हणून. मामी सांगते, तुम्ही फार खुशीत होता. डावा हात शिकतोय म्हणत होता. मला पत्रानं कळवलंत तेव्हा तुम्हाला झटके यायला सुरुवात झाली होती. त्या पत्रातलं अर्धं अक्षर तुमचं होतं, अर्धं शेजारच्या मास्तरांचं.

तुम्हाला मूल नव्हतं. पाणी मीच दिलं. दहाव्याला समुद्रावर पिंड ठेवला. उन्हं चढत चालली होती. माडांवर कावळे होते, खाली येत नव्हते. तात्यांनी हात जोडून सांगितलं, बाबल्या, होडीत तुझ्या बायलेचो वाटो कायम आसा. कावळे हलले नाहीत. कुणी म्हणालं, मामीला कधी उपाशी ठेवणार नाही. मी म्हटलं, मामीला कसालला माझ्याबरोबर नेईन. एक कावळा वाळूवर उतरला, चार पावलं चालला आणि उडून गेला. बायका कुजबुजू लागल्या. मामी किनाऱ्यावर बसून होती, ती पिंडाकडे बघतच नव्हती. तासभर झाला असेल. मग तात्या माझ्याजवळ आले.

"सदू, तेचो जीव खंय अडाकलो आसा तां तुका म्हायत. तू शिकलेलो. सांगून टाक."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला खरंच माहीत होतं. तुमचा जीव कशात असेल ते वाडीत सगळ्यांनाच माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात तुम्ही भानावर नसतानाही डाव्या हातानं हवेत ब्रश फिरवत होता. मी मोठ्यांदा म्हणालो, "मामा, तुमची चूल मी जपेन. तिला घराबाहेर जाऊ देणार नाय. मामी तिच्यावरच जेवण करील."

शब्द संपायच्या आत कावळा पिंडावर होता.

लोकांनी सुस्कारे सोडले. एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. शिकलेल्या भाच्यानं मोकळं केलं म्हणाले. मी शास्त्र शिकवतो. उन्हात तासभर भाताच्या गोळ्याकडे बघणारा कावळा कधीतरी खाली येणारच हे मी मुलांना समजावून सांगेन. पण मला ते स्वतःला सांगता येत नव्हतं.  ज्या वस्तूनं तुम्हाला नेलं तिला मी मामीच्या गळ्यात बांधलं होतं, आणि त्यावर तुमची सही घेतली होती.

तेराव्यानंतर मी कसालला गेलो. मामीनं सध्या यायला नकार दिला. वर्ष होईपर्यंत घर सोडणार नाही म्हणाली. पुढच्या शनिवारी आलो तेव्हा चूल पेटलेली होती. ती रोज सकाळी चुलीला ओल्या फडक्यानं पुसत होती. तुमच्या हाताचं काम म्हणून. फडकं शेंदरी होऊन दाराच्या खिळ्याला वाळत होतं. त्याच फडक्यानं तिनं माझं ताट पुसलं. भाकरी वाढताना तिची बोटंसुद्धा शेंदरी होती, आणि कपाळ मोकळं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

मग चहा दिला. स्वतःचा कप घेऊन समोर बसली. मी विचारलं, तुझ्यात साखर नाही?

ती म्हणाली, "नको रे. हल्ली तोंड गोडच आसता."

त्या रात्री मला झोप आली नाही हे वेगळं सांगायला नको. पण मी कशाला घाबरत होतो ते सांगतो. मामीला सांगितलं तर तिला दोन गोष्टी कळणार होत्या. एक, तुम्ही कशानं गेलात. तिच्या डोळ्यांसाठी गेलात. दुसरी, मला ते माहीत होतं. पहिली गोष्ट ती सोसेल की नाही, याची मला भीती होती. दुसरी मला सोसायची होती. आणि या दोहोंच्या वर तुम्ही होता, माडावर बसून माझ्याकडे बघणारे. दिलेला शब्द मोडला की मेलेल्या माणसाला कळतं, असं आपल्याकडे म्हणतात. लहानपणी तुम्हीच सांगितलं होतंत.

रविवारी सकाळी ती चूल पेटवायला बसली. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. बंगल्यातली चूल, रंग, धूर, कोंबड्या, हिरड्यांवरची रेघ, मिरजेचा व्हरांडा. पहिल्यापासून सगळं. माझी मराठी पुन्हा तशीच झाली होती. क्षार म्हणालो, विषबाधा म्हणालो. मामी लाकूड हातात धरून ऐकत होती. ती रडली नाही. माझं बोलणं संपल्यावर तिनं ते लाकूड चुलीत न घालता खाली ठेवलं.

"तेंका सांगलंस?"

"सांगितलं."

"कितीदा?"

"एकदा."

"मगे?"

"हसले."

ती चुलीकडे बघत राहिली.  धुराड्यात वारा वाजत होता. शेवटी ती म्हणाली, "मगे माका दोनदा सांग."

मला वाटलं, तिला समजलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की तिला सगळं समजलंय.

मी दुसऱ्यांदा सांगितलं. या वेळी पुस्तकातला एकही शब्द घेतला नाही. "मामी, ह्या चुलीत इख आसा. तेणी मामाक मारल्यान. तू हेच्यार रांधलंस तर तुकाय मारतली. तुझां तोंड गोड लागता तां साखरेन नाय." 

मामी उठली. मला वाटलं, ती आता मला घरातून जायला सांगेल. ती मागच्या दारी गेली, कळशी घेऊन आली आणि चुलीच्या तोंडात पालथी केली. फस्स करून राख उडाली. मी म्हटलं, मी दहाव्याला शब्द दिलाय. ती म्हणाली, "शब्द तुझो. चूल माझी. तेंनी माझ्यासाठी हाडली." आणि थोड्या वेळानं, पाठ फिरवून, "तेंका मी सांगान."

तुम्हाला तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. तिनं मागीलदारची मातीची जुनी चूल साफ केली, ओली लाकडं लावली आणि फुंकत बसली. पुन्हा तोच धूर. पुन्हा डोळ्यांना पदर. तुम्ही तिच्यासाठी जे केलंत ते सगळं मी एका सकाळीत परत घेतलं.

लोखंडी चूल उचलायला तात्यांनी हात लावला नाही. मी जे सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. मग म्हणाले, मेलेल्या माणसाशी खेळू नये, उद्या होडीला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? ते निघून गेले. मी आणि मास्तरांनी मिळून ती ओढत वरच्या माळावर नेली, विहिरींपासून लांब, आणि दगडांच्या खाली खोल पुरली. मोडीत द्यायला माझा जीव झाला नाही. ती कुणाच्या तरी घरात गेली असती. अंगणातली वरची माती खरवडून तीही तिथेच टाकली. घरी आलो तेव्हा मामीनं मला विहिरीवर थांबवून दोनदा हात धुवायला लावले.

सोमवारी तात्यांची होडी रिकामी आली. आज पुन्हा रिकामी आली. वाडीत माझ्याशी बोलताना माणसं दुसरीकडे बघतात. मामीनं आज भाजी घेताना कुणीतरी ऐकवलेलं ऐकलं आणि तशीच घरी आली. काही होईल का? मला माहीत नाही. मला शिसं माहीत आहे. तुमचा राग कसा असतो ते माहीत नाही, कारण तुम्ही माझ्यावर कधी रागावला नाहीत. गरीचा मणी चुकीचा बसवला तरी तो माझ्या हातातून घेऊन तुम्ही आपल्या दातानं नीट करून द्यायचात.

मामीची बोटं दोन दिवसांत स्वच्छ झाली आहेत. तोंड अजून गोड लागतं म्हणते. पुढच्या आठवड्यात तिला मिरजेला नेतोय. या वेळी डॉक्टर जे सांगतील ते गाडीतच सांगेन, घाट उतरायच्या आधी.

आणि मामा, तुम्हाला मी एकदाच सांगितलं होतं. तेही तुम्ही हसलात म्हणून अर्ध्यावर सोडलं. मामीला दोनदा सांगितलं तशी तुमचीही एक खेप माझ्याकडे राहिली होती. ती आज लिहिली. झापांच्या आत बसलेल्या, भुवयांवर भुकटी बसलेल्या, कप पुढे केलेल्या माणसाला लिहिली. मामा, तां साखरेन नाय. ती पट्टी खाली ठेवा. माका तुमी होयात, चूल नको.